पापण्यांचा बाक आणि पापण्यांचा रंग

सुंदर स्त्रीच्या डोळ्यांचे वर्णन करण्यासाठी संस्कृत कवींनी कमळ, हरिण, मासोळी असे सगळ्यांना वेठीला धरले. परंतु एक विशेषण त्यांनी फार नेमके योजले आहे, ते म्हणजे 'पक्ष्मलाक्षी'. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. जिच्या पापण्यांचे केस दाट आणि लांब, ती पक्ष्मलाक्षी. मराठीने हा शब्द काही उचलला नाही. आपल्याकडे 'पापणी' म्हटले की डोळ्यावरची कातडी आली आणि तिच्या काठचे केसही आले. काजळाचे बोट फिरवले की डोळ्यांचा शृंगार आटोपला, एवढ्यावर आपल्या आज्या समाधानी होत्या.

आता मात्र शहरातल्या कोणत्याही ब्यूटी पार्लरचे दरपत्रक पाहावे, त्यावर पापण्यांच्या केसांचे स्वतंत्र खाते दिसते. एक 'लॅश लिफ्ट', म्हणजे सरळ किंवा खाली झुकलेल्या केसांना मुळापाशी उचलून कायमसा बाक देणे. दुसरे 'लॅश टिंट', म्हणजे त्याच केसांना काळा वा गडद तपकिरी रंग चढवणे. आणि या दोहोंच्या खाली बहुधा तिसरी ओळ असते : 'दोन्ही एकत्र', सवलतीच्या दरात! दिवाळी संपली की तुळशीचे लग्न आणि त्यामागोमाग माणसांची लग्ने. नवरी, तिच्या बहिणी, मैत्रिणी आणि हौशी असल्यास वरमायासुद्धा या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवतात.

दोन्ही गोष्टी एका बैठकीत करून घ्याव्यात काय? थोडक्यात उत्तर द्यायचे तर, घेता येतात. मात्र दोन उपचार एकत्र केले म्हणून त्यांचा एकच उपचार होत नाही. प्रत्येकाचे रसायन वेगळे, धोका वेगळा, आणि म्हणून परीक्षाही वेगळी. सवलतीच्या दरात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

हे केस आहेत तरी कशासाठी?

पापणीचा केस हा काही निसर्गाने केलेला नुसता नखरा नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी 2015 साली यावर एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी 22 जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, तेव्हा केसांची लांबी सर्वसाधारणपणे डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश भरली. मग कृत्रिम डोळ्यावर वारा सोडून पाहिला, तर नेमक्या याच लांबीच्या केसांमुळे डोळ्यातला ओलावा सर्वांत कमी उडतो आणि धूळही कमी बसते, असे दिसून आले. म्हणजे हे केस डोळ्यापुढचा आडोसा आहेत.

हा केस काही महिने जगतो, मग गळतो आणि त्याच्या जागी नवा येतो. म्हणूनच लिफ्टचा बाक सहा ते आठ आठवडेच टिकतो. बाक दिलेले केस गळत जातात आणि सरळ केस उगवत राहतात. उपचारात केस बिघडलाच, तर काही महिन्यांनी दुसरा येईल. मात्र केसाच्या मुळाशी असलेली पापणीची त्वचा ही सबंध शरीरातली सर्वांत पातळ त्वचा आहे, आणि तिच्या आत, केसापासून काही मिलिमीटरवर, बुबुळ आहे. तेथे व्रण पडला तर दृष्टी अधू होऊ शकते.

बाक कसा बसतो?

आपला केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाचे धागे गंधकाच्या सांध्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. शिडीचे दोन बांबू पायऱ्यांनी जोडावेत तसे. केस सरळ की वळणदार, हे पुष्कळसे या पायऱ्यांवर अवलंबून असते. लिफ्ट करताना पापणीवर सिलिकॉनची छोटी वळणदार पट्टी ठेवतात, केस तिच्यावर चिकटवतात आणि मुळाशी पहिले द्रावण लावतात. त्यात बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो. तो या पायऱ्या मोकळ्या करतो आणि केस मऊ पडून पट्टीचा आकार घेतो. नंतरचे दुसरे द्रावण पायऱ्या नव्या जागी पुन्हा जोडते. डोक्याच्या केसांना 'पर्मनंट वेव्ह' करण्याची जी रीत, तीच ही, फक्त अतिशय लहान प्रमाणावर.

यातली गोम अशी की, अंगावरचे केस काढण्याची जी मलमे बाजारात मिळतात, त्यांतील द्रव्यही पुष्कळदा याच कुळातले असते! केसाला बाक देणे आणि केस विरघळवून टाकणे यांत फरक तो द्रावणाच्या तीव्रतेचा, अल्कलीच्या जोराचा आणि मिनिटांचा. युरोपीय संघाच्या नियमांनी पापण्यांसाठी या द्रव्याची मर्यादा 11 टक्के ठरवली आहे, अल्कलीच्या जोरालाही सीमा घातली आहे आणि ते फक्त व्यावसायिकांनीच वापरावे असे बजावले आहे. पाच मिनिटे म्हणजे पाचच. नाजूक केसांना त्याहूनही कमी. 'जरा जास्त ठेवलं तर छान वळेल' असे म्हणणारीच्या हाती डोळा देऊ नये. जास्त ठेवले की केस मुरगळतात, टोकाशी कुरळतात आणि तुटतात.

रंगाचा इतिहास

रंगाची गोष्ट याहून जुनी आणि अधिक गंभीर आहे. 1930 नंतरच्या काळात अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा रंग विकला जाई. त्यात पॅराफेनिलिनडायअमिन हे द्रव्य होते. तो लावल्यावर काही स्त्रियांचे डोळे सुजून पिकले, काहींची दृष्टी गेली आणि एकीचा तर जीव गेला. पण सरकारला काही करता येईना. कारण तेव्हा लागू असलेल्या 1906 च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. अखेर तेथील अन्न व औषध खात्याने 1933 साली अशा घातक वस्तूंचे एक प्रदर्शन मांडले. वृत्तपत्रकारांनी त्याला 'भयदालन' असे नाव दिले. त्यात एका बाईचे रंग लावण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी लावलेले होते. 1938 साली नवा कायदा झाला आणि त्याखाली पहिली जप्ती आली ती याच 'लॅश ल्यूर'वर. डोक्याच्या केसांच्या रंगांना त्या कायद्याने सावधगिरीची सूचना छापण्याच्या अटीवर मोकळीक दिली. पापण्यांच्या आणि भुवयांच्या रंगांना ती मोकळीक दिली नाही.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर घरातल्या कलपाचे खोके हाती घेऊन पाहावे. आपल्या देशातील 'औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945' यांतील एका नियमाने अशा कलपांवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापण्याचा दंडक घातला. कलप लावण्यापूर्वी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडा लावून चोवीस तास वाट पाहावी. आणि पापण्यांना व भुवयांना तो मुळीच लावू नये, लावल्यास अंधत्वही येऊ शकते, असा त्याचा आशय आहे. तेव्हा डोक्याचा उरलेला कलप काडीने पापण्यांना लावण्याचा उद्योग कोणीही, कधीही करू नये. पापण्यांसाठी म्हणून स्वतंत्र बनवलेला रंग असेल तरच पुढचे बोलणे. अशा रंगाबरोबर जे हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळतात, त्यालाही युरोपात पापण्यांपुरती 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

या कुळातल्या रंगांची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या खेपेस पुष्कळदा काहीच होत नाही. शरीर मात्र शत्रूची ओळख पटवून ठेवते आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तुटून पडते. 'मागच्या वर्षी लावला होता, काही झालं नाही' हा पुरावा म्हणूनच लंगडा ठरतो. लग्नघरांत मिळणारी झटपट काळी मेंदी हे या ओळखीचे एक नेहमीचे निमित्त. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस चढतो. तासाभरात काळीभोर होणाऱ्या मेंदीत पुष्कळदा हेच पॅराफेनिलिनडायअमिन घातलेले असते. अशा मेंदीने किंवा कलपाने जिला कधी खाज, फोड वा सूज आली असेल, तिने पापण्यांच्या रंगाचा विचार सोडून द्यावा. केवळ लिफ्टवर समाधान मानावे, तेही तपासणी करूनच.

आधी काय, मागून काय?

दोन्ही करायचेच तर आधी बाक आणि मागून रंग, हा क्रम कधी उलटू नये. आधी रंग चढवला, तर लिफ्टची द्रावणे तो फिका करून टाकतात. पैसेही गेले आणि डोळ्याला रसायनही फुकट लागले.

लिफ्टनंतर केसांवरचे सूक्ष्म खवले उघडलेले असतात, त्यामुळे रंग एरवीपेक्षा लवकर मुरतो. म्हणून दुसरे द्रावण पूर्ण पुसून काढावे, केस स्वच्छ करावेत आणि रंग नेहमीपेक्षा कमी वेळ ठेवावा. किती कमी, हे ज्या कंपनीचे सामान असेल तिच्या पत्रकात दिलेले असते. लिफ्ट एका कंपनीची आणि रंग दुसरीचा, अशी खिचडी करू नये. पत्रकात दोहोंमध्ये एक दिवसाचे अंतर ठेवण्यास सांगितले असेल, तर सवलत विसरून दुसऱ्या दिवशी जावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, लिफ्ट झाल्यावर क्षणभर थांबून डोळा पाहावा. लाली, चुरचुर किंवा पाण्याची धार दिसली, तर रंग त्या दिवशी रद्द. पैसे आधी भरले आहेत, हे कारण चालणार नाही.

पुढच्या खेपेचाही हिशेब वेगळा ठेवावा. रंग तीन-चार आठवड्यांत उतरू लागतो, बाक सहा-आठ आठवडे टिकतो. रंग उतरला म्हणून दर वेळी लिफ्टही करून घेतली, तर त्याच केसांवर दोनदा रसायन बसून ते ठिसूळ होतात.

अठ्ठेचाळीस तासांची परीक्षा

पार्लरमध्ये ज्याला 'पॅच टेस्ट' म्हणतात, ती लिफ्टच्या द्रावणांची, चिकटवण्याच्या गोंदाची आणि पेरॉक्साइड मिसळलेल्या रंगाची, अशी सर्वांची निरनिराळ्या जागी करून घ्यावी. एकाच जागी सगळे लावले आणि पुरळ उठले, तर चोर कोण ते कळणार नाही. आपला नियम चोवीस तास सांगतो. परंतु ही ॲलर्जी पुष्कळदा दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी वर येते. म्हणून निदान अठ्ठेचाळीस तास थांबावे. दहा मिनिटांत काही झाले नाही, यावरून रसायनाने तत्काळ भाजले नाही एवढेच कळते, ॲलर्जी नाही असे नव्हे. ही परीक्षा प्रत्येक खेपेस नव्याने द्यायची असते, आणि तीत पास झाल्यावरही उपचाराच्या वेळी सावध राहायचे असते.

डोळे आलेले असताना, रांजणवाडी झालेली असताना, पापण्यांच्या काठाला खपल्या धरत असताना किंवा पापणीवर इसब असताना या वाटेला जाऊ नये. डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची अनुमती घ्यावी. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवाव्यात. उपचार चालू असताना डोळे अखेरपर्यंत मिटलेले असावेत; जळजळ झाली तर संकोच न करता लगेच सांगावे. घरी करण्याचे तयार संच मिळतात, पण स्वतःचा मिटलेला डोळा कोणालाही आरशात दिसत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

वेळेचाही विचार हवा. नंतरचा एक दिवस तरी पापण्यांना पाणी, वाफ आणि तेल लागू द्यायचे नसते. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी लिफ्ट करून पहाटे अभ्यंगाला बसलात, तर तेल, उटणे आणि ऊन पाणी मिळून तुमचा बाक धुऊन नेतील. चकल्यांच्या कढईपुढेही त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी बसवावे. लग्नासाठी करायचे असेल, तर आठ-दहा दिवस आधी करावे. काही बिघडलेच तर निस्तरायला अवधी मिळतो.

रसायन डोळ्यात गेलेच, तर पहिला उपाय पाणी. लेन्स असल्यास काढून, वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. जाताना रसायनाचे खोके बरोबर न्यावे. गुलाबपाणी, तूप, एरंडेल यांपैकी काहीही घालू नये. दुसऱ्या दिवशी पापणी सुजली, तरीही 'उतरेल आपोआप' म्हणून वाट पाहू नये.

हे वाचून कोणी एकदम बिचकून जाऊ नये. जिला परीक्षेत काही झाले नाही, जिचे डोळे निरोगी आहेत आणि जिची पार्लरवाली घड्याळाकडे पाहून काम करते, तिने हौस अवश्य पुरवावी. पुढच्या आठवड्यात पार्लरमध्ये फोन कराल, तेव्हा 'दोन्हीचे मिळून किती?' या प्रश्नाआधी 'टेस्टसाठी कधी येऊ?' हे विचारा. पलीकडून 'त्याची काही गरज नाही, ताई' असे उत्तर आले, तर फोन ठेवा आणि दुसरे पार्लर शोधा.