धुराचा जमाखर्च

सावकाराने ऋणकोची पत पाहून व्याज ठरवावे, ही रीत जुनीच. त्या तपासणीत आता कारखान्याचा धूरही आला आहे. इटलीच्या एनेल या वीज कंपनीने रोखे विकताना, विजेच्या युनिटमागील कर्बउत्सर्जन २०२३ पर्यंत १४८ ग्रॅमवर आणण्याचे वचन दिले होते. प्रत्यक्षात आकडा १६० वर राहिला. कंपनीने इंधनटंचाईच्या काळात जाळाव्या लागलेल्या कोळशाकडे बोट दाखविले. पण करार तो करार! २०२४ मध्ये त्या वचनाशी बांधलेल्या रोख्यांवरील व्याज पाव टक्क्याने चढले. शंभर कोटींच्या कर्जावर पाव टक्का म्हणजे वर्षाकाठी पंचवीस लाख रुपये.

आपल्याकडे सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून अशा माहितीचा अहवाल सक्तीचा केला, हे योग्यच झाले. जेथे माहिती नाही तेथे धनको जोखीम धरतो आणि ती व्याजात वसूल करतो. मात्र अहवाल शोभेचे कागद ठरले, तर खऱ्याखोट्याची पारख न उरून प्रामाणिक उद्योजकालाही चढे व्याज भरावे लागेल. म्हणून त्रयस्थ तपासणी हवीच.

आम्हांस चिंता वाटते ती लहान कारखानदाराची. मोठी कंपनी तज्ज्ञ नेमील. तिला सुटे भाग पुरविणाऱ्याने काय करावे? त्याचा धूर थोडा असूनही केवळ नोंद नाही म्हणून त्याची पत घटू नये. विजेची बिले व डिझेलच्या पावत्या यांवरून हिशेब मांडण्याचे सोपे तक्ते बँकांनी आणि उद्योजक संघटनांनी त्याच्या हाती द्यावेत. हिशेब मागणाऱ्याने तो लिहावयासही शिकविले पाहिजे.