मापनविद्या व सत्यनिष्ठा

संस्कृत भाषेंत 'मा' ह्या एकाक्षरी धातूचा संसार फार मोठा आहे. मान, मात्रा, परिमाण, उपमान, अनुमान, प्रमाण हे सारे शब्द त्याचेच. 'मा' म्हणजे मोजणें. नैयायिकांनीं यथार्थ ज्ञानास 'प्रमा' म्हटलें आणि तें मिळविण्याच्या साधनास 'प्रमाण'. म्हणजे जाणणें हें एक प्रकारचें मोजणेंच होय, असा भाव आमच्या भाषेंत मुळापासून भरलेला आहे. पस्तीस वर्षें मीं हे शब्द मुलांकडून घोकून घेतले. परंतु त्यांचें मर्म मला उलगडलें तें गेल्या वर्षीं, आमच्या घरांतील एका मुलीच्या जर्नलामुळें. ती हकीकत घरोघरच्या वडील मंडळींस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहें.

माझ्या थोरल्या बंधूंची नात पुण्यांतील एका महाविद्यालयांत अभियांत्रिकीच्या इन्स्ट्रुमेंटेशन शाखेंत शिकते. ह्या शाखेचें नांव प्रथम ऐकलें तेव्हां आमच्या वहिनींस वाटलें कीं, पोर आतां सतार-तबला शिकणार! वस्तुतः ही मोजण्याच्या उपकरणांची विद्या. बॉयलरमधील वाफेचा दाब, दुग्धालयांत तापविलेल्या दुधाचें उष्णतामान, रुग्णाच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण, हें सर्व कोणत्या ना कोणत्या उपकरणानें मोजलें जातें. उपकरणाचा एक भाग उष्णता किंवा दाब ओळखतो, दुसरा त्या सूचनेचें विजेच्या भाषेंत रूपांतर करतो व तिसरा तो आंकडा आपल्यापुढें मांडतो. ह्या प्रवासांत आंकडा कोठें बिघडतो हें शोधणें, हाच ह्या विद्येचा खरा अभ्यास.

ह्या विद्येचा पहिला पाठ असा कीं, मोजणें म्हणजे तुलना करणें. आणि ज्याच्याशीं तुलना करावयाची तें स्थिर पाहिजे. भास्कराचार्यांनीं 'लीलावती'चा आरंभ परिभाषेनें केला आहे: आठ यवोदरांचें एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड. मापें आधीं, गणित मागाहून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वजनें लोखंडाचीं किंवा मगध व मेकल येथील दगडांचीं असावींत, अथवा पाण्यानें न वाढणाऱ्या व उष्णतेनें न घटणाऱ्या पदार्थांचीं असावींत, असा दंडक आहे. हीच चिंता आधुनिक शास्त्रज्ञांसही पडली. १८८९ सालापासून फ्रान्समध्यें जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा हाच साऱ्या जगाचा किलोग्रॅम होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताच्या वाट्यास आली व ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत आहे. परंतु शंभर वर्षांत मूळ ठोकळा व त्याच्या प्रती यांच्या वजनांत सुमारें पन्नास मायक्रोग्रॅमचें अंतर पडलेलें आढळलें. अखेरीस २० मे २०१९ पासून ठोकळ्यास निवृत्त करून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बसविण्यांत आली. वाण्याच्या दुकानांतील वजनाची वंशावळ अशी पायरीपायरीनें वर चढत राष्ट्रीय प्रयोगशाळेपर्यंत पोंचली पाहिजे. गुरुपरंपरा तुटली कीं विद्या संशयास्पद होते, तसेंच मापांचें आहे.

दुसरा पाठ सातत्य व अचूकपणा यांतील भेदाचा. आमच्या माजघरांतील घड्याळ गेलीं कित्येक वर्षें नेमकें दहा मिनिटें पुढें आहे. त्याचें सातत्य वाखाणण्याजोगें, परंतु वेळ मात्र रोज खोटी! तिसरा पाठ सर्वांत कठीण. कोणतेंही माप पूर्णपणें अचूक नसतें. म्हणून आंकड्याबरोबर त्यांत किती चूक संभवते हेंही लिहिलें पाहिजे. त्यावांचून आंकडा म्हणजे अर्धेंच विधान. हें कसें लिहावें याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. आमच्या नातीची परीक्षा झाली ती ह्याच तिसऱ्या पाठांत.

प्रयोग साधा होता. प्लॅटिनमच्या एका विशिष्ट तारेचा विद्युत्-रोध शून्य अंशास १०० ओहम असतो व शंभर अंशांस सुमारें १३८.५ ओहम होतो. म्हणजे रोध मोजला कीं उष्णतामान कळतें. ती तार उकळत्या पाण्यांत बुडवून पाण्याचें उष्णतामान काढावयाचें होतें. वर्गांत ज्यानें त्यानें रोध मोजला तो १३८.५ भरला, म्हणजे बरोबर शंभर अंश! पुस्तकांतही शंभरच. सर्वांनीं आनंदानें जर्नलें मिटलीं.

नातीस मात्र शंका आली. प्लॅटिनमची तार मोजणाऱ्या यंत्रास दोन लांब तारांनीं जोडलेली होती. त्या तारांचाही रोध त्या आंकड्यांत मिसळलेला असणारच. तिनें त्यांचीं पलीकडचीं टोकें एकमेकांस जोडून नुसत्या तारांचा रोध मोजला. तो ०.७ ओहम भरला. एका अंशास सुमारें ०.३८ ओहम हा हिशेब धरला, तर ह्या तारा १.८ अंश फुकटचे दाखवीत होत्या. ते वजा करतां तिचें उत्तर आलें ९८.२. शिक्षक म्हणाले, "सबंध वर्गाचे शंभर आणि तुझेच अठ्ठ्याण्णव कसे? पुन्हा कर, नाहींतर शेजारणीचें पाहून लिही." दहांपैकीं चार गुण देऊन त्यांनीं जर्नल परत केलें.

त्या रात्रीं आमच्या पंक्तींत दोन तट पडले. तिचे वडील म्हणाले, "अग, शंभर लिही आणि मोकळी हो. मार्क घालवून काय मिळणार आहे?" ती माझ्याकडे वळली. "आजोबा, तारांचा रोध मीं स्वतः मोजलाय. पण मग पाणी शंभराला का नाही उकळलं, हें मला सांगतां येत नाहीं."

मी विजेच्या शास्त्रांत अनभिज्ञ. मीं एवढेंच म्हटलें कीं, प्रत्यक्षाविषयीं संशय आला तर दुसरें प्रमाण शोधावें. तें प्रमाण वाढतां वाढतां आमच्या वहिनींनींच दिलें. त्या म्हणाल्या, "महाबळेश्वरला आम्ही बिऱ्हाड केलं होतं, तेव्हां कुकराशिवाय डाळ शिजता शिजत नसे. तिथलं पाणी नुसतं उकळतं, त्याला धग नसते." नात पाटावरून ताडकन उठली. उंची! जसजसें वर चढावें तसतसा हवेचा दाब उतरतो व पाणी कमी उष्णतेस उकळतें. दर तीनशें मीटरांस ढोबळ मानानें एक अंश. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच. तेव्हां येथील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळावयाचें. पुस्तकांतील शंभर अंश समुद्रकांठचे! उंचीनें जेवढें कमी केलें, तेवढेंच तारांनीं भरून काढलें होतें. खोट्या वाचनाची चुकीच्या अपेक्षेशीं गांठ पडली आणि दोघांनीं मिळून सत्याचें सोंग घेतलें.

दुसऱ्या दिवशीं तिनें जर्नलांत लिहिलें: ९८.२ अंश, अधिक-उणे ०.३, कारण यंत्रावर ओहमच्या दशांशापलीकडे वाचतां येत नव्हतें. खालीं तारांचा व उंचीचा हिशेब मांडला. शिक्षकांनीं तो दोनदां वाचला, शेजारच्या प्रयोगशाळेंतून पाऱ्याचा थर्मामीटर आणविला व उकळत्या पाण्यांत धरला. पारा अठ्ठ्याण्णवाच्या किंचित् वर थांबला. तेव्हां ते सबंध वर्गासमोर म्हणाले, "चूक माझी होती. सर्वांनीं प्रयोग पुन्हां करा." तिचे गुण किती वाढले हें मीं विचारलें नाहीं. त्या शिक्षकांस मात्र मीं मनोमन नमस्कार केला.

महाविद्यालयांत अशी चूक दोन अंशांवर भागते. बाहेर भागत नाहीं. एप्रिल १९९० मध्यें अमेरिकेनें हबल नांवाची दुर्बीण अवकाशांत सोडली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अत्यंत काळजीनें घासलेला. परंतु तो तपासणाऱ्या उपकरणांतीलच एक भिंग सुमारें १.३ मिलिमीटर चुकीच्या जागीं बसलें होतें. त्यामुळें आरसा मोठ्या नेमकेपणानें चुकीच्या आकाराचा घडला व आकाशाचीं चित्रें अस्पष्ट येऊं लागलीं. दुःखाची गोष्ट ही कीं, इतर साध्या उपकरणांनीं तो दोष आधींच दाखविला होता. परंतु तीं कमी प्रतीचीं म्हणून त्यांची साक्ष मानली गेली नाहीं. डिसेंबर १९९३ मध्यें अंतराळवीरांस वर पाठवून ती चूक सुधारावी लागली.

आतां थोडें माझ्याविषयीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं परीक्षेच्या उताऱ्यांत 'पीतांबर' हा शब्द आला होता. एका मुलानें त्याचा समास कर्मधारय लिहिला. माझ्या उत्तरसूचींत बहुव्रीहि होता. मीं गुण कापले. त्यानें विचारलें तेव्हां मीं त्यास "पुस्तकांत पहा" म्हणून गप्प बसविलें. रात्रीं उतारा पुन्हां वाचतांना दिसलें कीं, तेथें विष्णूचा नव्हे, तर पिंवळ्या वस्त्राचाच उल्लेख आहे. मुलगा बरोबर होता. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तें कबूल करणें मला कठीण नव्हतें. पण मीं केलें नाहीं. तो मुलगा त्यानंतर मला कधीं शंका विचारण्यास आला नाहीं. ह्या गोष्टीची आठवण मला त्या थर्मामीटरनें करून दिली.

अभियांत्रिकीच्या मुलांस मापनविद्या शिकविणें म्हणजे नुसतीं उपकरणें हाताळण्यास शिकविणें नव्हे. आपलें उत्तर कितपत खरें आहे हें प्रामाणिकपणें सांगण्याची संवय लावणें होय. उद्यां ह्याच मुलांनीं बसविलेल्या यंत्रावर कोणाच्या तरी आजाराचा किंवा बॉयलरजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवाचा निर्णय होणार आहे. जर्नलांत शेजाऱ्याचा आंकडा उतरविणारा हात त्या दिवशीं एकाएकीं सत्यवादी होईल, अशी आशा कशी करावी? म्हणून घरांतील वडील मंडळींस माझी एवढीच विनंति कीं, मुलगा किंवा मुलगी प्रयोगशाळेंतून घरीं आली म्हणजे "किती मार्क पडले?" हें विचारण्याआधीं "तुझ्या उत्तरांत चूक किती असूं शकेल?" हें विचारावें. आमच्या घरांत आतां तिचे वडीलच तो प्रश्न विचारतात.