जुनी कोळशाची शेगडी घेताना आधी धुराची वाट पाहा

नागपूरच्या उन्हाळ्याची चर्चा देशभर होते, थंडीची फारशी होत नाही. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचा पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा दिवसांत जुन्या बिडाच्या शेगडीला गिऱ्हाईक येते. कुणाला ती घरात पेटवायची असते, कुणाला दिवाणखान्यात नुसती मांडायची असते. भंगारातून असा माल उचलणाऱ्या आणि दुरुस्त करून विकणाऱ्या बांधवांनी सौद्याआधी हे विचारून घेतलेच पाहिजे.

चहावाल्याकडे असते तशी उघडी शेगडी खोली तापवायला कधीच देऊ नये. कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. दारे-खिडक्या लावून उशाशी शेगडी ठेवली आणि घरातली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या उत्तर भारतातून हिवाळ्यात वरचेवर येतात. निखारे लाल झाले, धूर थांबला म्हणजे धोका संपला, ही समजूत अनेक घरांत आहे. ती साफ चुकीची आहे.

घरासाठी हवी ती दार असलेली, मागे किंवा वर धुराड्याचे तोंड असलेली बंद शेगडी. तिच्यावरची वेलबुट्टी नंतर पाहावी. आधी लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. धड बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. मग अंधारात आत विजेरी लावावी. सांध्यांतून उजेड दिसला तर तिथूनच धूरही येणार. जाळी वाकली असेल तर नवी ओतून घेता येते, पण अंगालाच तडा असेल तर भाव कितीही कमी असो, पेटवण्यासाठी घेऊ नये. बिडाचे वेल्डिंग साध्या लोखंडासारखे नसते, नीट न तापवता केले तर शेजारी नवा तडा जातो. दाराच्या खाचेतली जुनी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नये. तिची धूळ फुप्फुसात जाते.

कोळशाचेही पाहावे लागते. कामठी-उमरेड भागातला कोळसा राखेचा. विलायती शेगड्यांतल्या काही कमी राखेच्या कडक कोळशासाठी घडवलेल्या असत. म्हणून राखेचा खण मोठा आणि जाळी हलवता येणारी असावी. निव्वळ लाकडाच्या शेगडीला खालून हवा नसते. तिच्यात कोळसा धुमसत राहतो.

विक्रेत्यासाठी आणखी एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. तसे झाल्यास व्यापाराला परवाना लागतो आणि माल परदेशी पाठवता येत नाही. शंका असल्यास पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयात आधी विचारावे.

गिऱ्हाईक धुराडे बसवायला तयार नसेल, तर शेगडी शोभेची म्हणूनच विकावी आणि पावतीवर तसे लिहून द्यावे.