कर्नल, मॉड्यूल आणि न उलगडणारी फाइल

लॅपटॉपवर नव्याने लिनक्स टाकलं, स्क्रीन लागली, कीबोर्ड चालला, पण वाय-फायचा पत्ता नाही, असं अनेकांच्या बाबतीत झालं आहे. अशा वेळी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंद उघडून पाहिली, तर बहुधा एक ओळ सापडते : 'आयडब्ल्यूएलवायफाय' नावाने सुरू होणारी अमुक फाइल लोड झाली नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे त्या नावाची फाइलच नाही. चिप जागेवर आहे, ड्रायव्हर आला आहे, दोघांची ओळखही पटली आहे. अडलंय ते चिपच्या पोटात चालवायच्या प्रोग्रॅमपाशी.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिनक्सची सुरुवात केली, तेव्हा सगळे ड्रायव्हर कर्नलच्या एकाच गठ्ठ्यात असत. नवं कार्ड बसवायचं तर कर्नल पुन्हा कंपाइल करा, मशीन पुन्हा चालू करा. अशी एकसंध रचना कालबाह्य आहे, अशी टीका संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९९२ मध्ये केली. टोरवाल्ड्स यांनी रचना सोडली नाही. पण नव्वदीच्या मध्यापर्यंत ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळे ठेवून चालू कर्नलमध्ये आत घेण्याची सोय पक्की झाली. त्याची किंमत आजही मोजावी लागते. मॉड्यूल एकदा आत आलं की त्याच्यात आणि कर्नलमध्ये भिंत उरत नाही. साउंड कार्डाच्या ड्रायव्हरने मेमरीत चुकीच्या जागी लिहिलं, तर सगळं मशीन कोसळू शकतं.

म्हणूनच आत घेण्याआधीचा सगळा खटाटोप बघण्यासारखा आहे. प्रत्येक पीसीआय उपकरणाकडे कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक असतो. इंटेलचा कंपनी क्रमांक आहे ८०८६, त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. आपण कोणकोणती उपकरणं सांभाळतो याची यादी प्रत्येक मॉड्यूल सोबत घेऊन येतं, आणि 'डेपमॉड' हा प्रोग्रॅम या सगळ्या याद्या एका फाइलमध्ये गोळा करून ठेवतो. नवं उपकरण दिसलं की कर्नल त्याचे क्रमांक जाहीर करतो, 'यूडेव्ह' हा प्रोग्रॅम ते ऐकतो, आणि जुळणारं मॉड्यूल, शिवाय ते ज्यांच्यावर अवलंबून आहे ती मॉड्यूलं, योग्य क्रमाने लोड होतात. ज्या डिस्कवर मॉड्यूलं ठेवलेली आहेत, ती डिस्क वाचायलाच मॉड्यूल लागत असेल तर? त्यासाठी बूट होतानाच मेमरीत एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम उतरवतात आणि पहिली गरज तिच्यातून भागवतात.

दाराशी कर्नल मॉड्यूलची कसून तपासणी करतो. ते याच कर्नल आवृत्तीसाठी बांधलं आहे का, त्याला हवी असलेली फंक्शनं उपलब्ध आहेत का, हे पाहिलं जातं. डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून डिजिटल सहीही तपासता येते. परवानाही बघितला जातो. मॉड्यूल जीपीएल या लिनक्सच्या परवान्याशी सुसंगत नसेल तर काही फंक्शनं त्याला मिळतच नाहीत, आणि ते लोड झालं की कर्नल स्वतःवर 'टेन्टेड' असा शिक्का मारून घेतो. मशीन पुन्हा चालू करेपर्यंत तो शिक्का पुसला जात नाही. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. बंदी घातलेली नाही, पण आत असं काही आलं आहे की ज्याची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही, हे कर्नल उघडपणे नोंदवून ठेवतो.

फर्मवेअरच्या, म्हणजे चिपच्या पोटात चालणाऱ्या त्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत मात्र हा प्रामाणिकपणा थिटा पडतो. ड्रायव्हर नावानिशी फाइल मागतो, कर्नल ती '/लिब/फर्मवेअर' मध्ये शोधून देतो, ड्रायव्हर ती कार्डाच्या मेमरीत उतरवतो. मग कार्डावरचा स्वतंत्र प्रोसेसर ती चालवू लागतो. इंटेलचं वाय-फाय कार्ड 'मी जागा झालो' असा संदेश पाठवतं. ठरलेल्या वेळेत तो आला नाही, तर ड्रायव्हर हात टेकतो. फाइलमध्ये काय लिहिलं आहे, हे कर्नलला कळत नाही. त्यातल्या सूचना त्याच्या प्रोसेसरसाठी नसतातच. अशा शेकडो फाइली 'लिनक्स-फर्मवेअर' या संग्रहात ठेवलेल्या आहेत. कोणती कुठून आली आणि कोणत्या परवान्याखाली, याची नोंद 'व्हेन्स' नावाच्या फाइलमध्ये मिळते. बहुतेकांचा सोर्स कोड मात्र मिळत नाही.

डेबियन या लिनक्स वितरणाने अशा फाइली वर्षानुवर्षं अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या. अखेर २०२२ मध्ये मतदान झालं, डेबियनच्या सामाजिक करारात बदल केला गेला, आणि जून २०२३ च्या 'बुकवर्म'पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. अनेकांना ही माघार वाटली. मला तसं वाटत नाही. चिपमध्ये कायमचं कोरलेलं बंद फर्मवेअर चालवून घ्यायचं, पण तेच डिस्कवर फाइल म्हणून आलं की नाकारायचं, यात मुक्ततेचं काही साधत नाही. फाइल निदान डोळ्यांसमोर असते. तिची आवृत्ती कळते, दुरुस्त प्रत आली की ती बदलता येते.

चिंता वेगळीच आहे. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ग्राफिक्स कार्डांच्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला आणि त्याचं स्वागत झालं. पण ही मॉड्यूलं चालतात ती ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांच्या कार्डांवरच, कारण त्या कार्डांवर 'जीएसपी' नावाचा वेगळा प्रोसेसर असतो आणि पूर्वी ड्रायव्हर करायचा त्यातलं बरंचसं काम आता तो करतो. त्याचं फर्मवेअर कित्येक मेगाबाइटांचं आहे, आणि बंद आहे. खुला झाला तो ड्रायव्हर. गुपित सरकलं आणखी एक पायरी आत, कर्नलचा शिक्का पोहोचत नाही अशा जागी.

हे असंच व्हायला हवं, असं मात्र नाही. अ‍ॅथेरॉसच्या एआर९२७१ या यूएसबी वाय-फाय चिपचं फर्मवेअर सोर्स कोडसकट खुलं आहे. ज्याला हवं त्याने ते वाचावं, बदलावं, कंपाइल करून आपल्या डोंगलमध्ये उतरवावं. चिप स्वस्त आहे आणि वेगात आजच्या मानाने मागे, तरीही ज्यांना कर्नलपासून अँटेनापर्यंत प्रत्येक ओळ स्वतः तपासायची असते, ते अजून तिचाच शोध घेतात.