लायोलचा चाकू

फ्रान्सच्या दक्षिण भागांत ओब्राक नांवाचें पठार आहे. तेथें सुमारें १००० मीटर उंचीवर लायोल हें लहानसें गांव वसलें आहे. आज आपणांस ज्या चाकूची हकीकत सांगावयाची आहे, तो या गांवचा.

पूर्वीं तेथील शेतकरी न मिटणारी सुरी जवळ बाळगीत. १८२९ च्या सुमारास प्येर-झां काल्मेल या कारागिरानें मिटता चाकू घडविला. हंगामी कामासाठीं स्पेनांत जाणाऱ्या मजुरांनीं तिकडचे चाकू आणले व त्यांचें वळण यांत उतरलें, असें सांगतात. पुढें गरजेप्रमाणें त्यांत भर पडत गेली. १८४० च्या सुमारास आरी आली. पोट फुगलेल्या गुराच्या कोठ्यांतील वायु टोचून काढण्यास ती उपयोगी पडे. १८८० च्या सुमारास बूच काढण्याचा मळसूत्री स्क्रू आला. कारण या भागांतील पुष्कळ लोक पॅरिसच्या मद्यगृहांत चाकरीस गेले होते.

या चाकूला कुलूप नाहीं. पाठीवरील पोलादी कमानीच्या दाबानें पातें उघडें राहतें. म्हणून तो मिटतांना हात सैल सोडूं नये. पातें कमानीवर आपटून धार बोथट होते.

कमानीच्या टोकावर बहुधा मधमाशी कोरलेली असते. गांवकऱ्यांच्या शौर्यावर प्रसन्न होऊन नेपोलियननें हें चिन्ह बहाल केलें, अशी आख्यायिका आहे. परंतु नेपोलियन १८२१ सालींच वारला. चाकू जन्मला त्यानंतर! कमानीच्या या टोकास कारागीर ‘माशी’च म्हणतात. मधमाशीची आकृति तेथें रूढ झाली ती विसाव्या शतकांत.

खरी कसोटी लागली ती नांवाची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा धंदा बहुतेक त्येर या चाकूंच्या जुन्या पेठेंत गेला आणि १९८७ सालीं गांवांत पुन्हां कारखाना उभा राहिला. दरम्यान या नांवाला कायद्याचें संरक्षण नव्हतें. १९९३ सालीं बाहेरच्या एका इसमानें तें आपल्या मालासाठीं नोंदविलें. गांव न्यायालयांत गेलें. २०१२ सालीं हरलें, आणि २०१९ सालीं पॅरिसच्या अपील न्यायालयानें त्यांतील कित्येक नोंदी रद्द केल्या.

तेव्हां पात्यावर ‘लायोल’ हीं अक्षरें दिसलीं, तरी तेवढ्यावर विसंबूं नये. तो कोणी व कोठें घडविला हें विचारावें, पातें सावकाश उघडून मिटून पाहावें. गांवाचें नांव कोणासही कोरतां येतें. कमानीचा तोल मात्र कसबी हातालाच साधतो.