जठराचा कर्करोग : ऑपरेशननंतर रिपोर्ट कसा वाचावा?

आमच्या मेहुण्यांच्या जठराचा काही भाग कर्करोगामुळे काढावा लागला. रोग सुरुवातीचा होता. पॅथॉलॉजी रिपोर्टात ग्रंथींपुढे आकडा होता : ०/४. शून्य पाहून घरात पेढे वाटले गेले. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत. वैद्यकाशी संबंध नाही. पण आकडा दिसला की वरचा व खालचा दोन्ही पाहण्याची आम्हांला खोड आहे.

वाचकहो, रोग जठराच्या आतल्या अस्तरात किंवा फार तर त्याखालच्या थरात असेल, तर त्यास सुरुवातीचा कर्करोग म्हणतात. ही व्याख्या १९६२ साली जपानी डॉक्टरांनी केली. तेथे अशा रुग्णांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक ऑपरेशननंतर पाच वर्षे व पुढेही जगतात. मग रोग कोणात उलटेल हे कशावरून ताडावे? सर्वांत मोठी खूण म्हणजे जठराभोवतीच्या लसिका ग्रंथी. रोग अस्तरातच असला तर तो ग्रंथींत पोचण्याचा संभव शंभरात दोन-तीन; खालच्या थरात उतरला तर सुमारे वीस. बारीक रक्तवाहिन्यांत रोगाच्या पेशी शिरल्या आहेत काय, हेही पाहतात. नुसत्या रक्ततपासणीवर मात्र विसंबता येत नाही.

आता तो आकडा. ०/४ म्हणजे चार ग्रंथी तपासल्या, एकीतही रोग नाही. ०/२० मध्येही शून्यच; पण भरवसा निराळा. चार व्हाउचरे पाहून वर्षाचा हिशेब बरोबर असल्याचा दाखला कोणता ऑडिटर देईल? निदान सोळा ग्रंथी तपासाव्यात, असा संकेत आहे. कधी ऑपरेशनमध्येच कमी निघतात, कधी काढलेल्या भागातून प्रयोगशाळेत कमी शोधल्या जातात.

आम्ही भीत भीत डॉक्टरसाहेबांना विचारले. ते रागावले नाहीत. ठेवलेला भाग पुन्हा तपासला, तेव्हा आणखी अकरा ग्रंथी सापडल्या. त्यांतील एकीत रोग होता. आकडा झाला १/१५. केमोथेरपीचा विचार तेव्हा सुरू झाला, आणि दुर्बिणीच्या व स्कॅनच्या तारखा ठरल्या. उरलेल्या जठरात नवा रोग होऊ नये म्हणून हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी व त्यावरचे औषधही झाले.

काढलेला भाग प्रयोगशाळा कायम ठेवत नाही. काही आठवड्यांनी टाकून देते. काचा व मेणाचे ठोकळे पुढे वर्षानुवर्षे राहतात, परंतु न शोधलेली ग्रंथी त्यांत नसते. आम्ही विचारले तो तिसरा आठवडा होता.