आधी पंखा बंद करा

जळगावात एप्रिलच्या दुपारी एका खोलीत आठ-दहा जण दाटीवाटीनं बसलेले असताना पंखा बंद करायला सांगणारं माणूस कुणालाच आवडत नाही. या गटात हे काम एका मुलीकडे आहे. वय वीस-एकवीस, कानांवर हेडफोन, हातात भिंती रंगवायला वापरतात ती लांब होणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला चिकटपट्टीनं बांधलेला माइक. "पंखा," ती एवढंच म्हणते. कुणीतरी कुरकुरत उठतो, बटण दाबतो. पाती थांबेपर्यंत सगळे वर बघत बसतात. पाती थांबल्यावर फ्रिजची घरघर ऐकू येते. फ्रिज बंद होतो. मग शेजारच्या घरचा कूलर. तो बंद करायला सांगायची हिंमत मात्र कुणात नसते.

खान्देशात कॉलेजची मुलं शॉर्टफिल्म करतात, जरा बघून या, असं संपादकांनी सांगितलं होतं. कॅमेरे, ड्रोन, यूट्यूबचे व्ह्यूज यांवर लिहायचं डोक्यात घेऊन मी गेलो. कॅमेरा हाताळणारा मुलगा हुशार होता, दिग्दर्शक बोलका होता, दोघांनी मला भरपूर सांगितलं. माझं लक्ष मात्र त्या दांडीवरून हटेना.

त्यांच्या अभ्यासक्रमात फिल्मचा पहिला टप्पा म्हणजे सुरुवातीची दोन मिनिटं. ती चित्रित करण्याआधी लेखी आराखडा द्यायचा: काय ऐकू येणार, संगीत कुठलं, पात्रं कोण करणार. बहुतेक गट तो शेवटच्या रात्री एका बैठकीत उरकतात. 'पार्श्वसंगीत : भावपूर्ण' असं लिहिलेला एक आराखडाही मी पाहिला. या गटाची वही मात्र खाडाखोडीनं भरली होती आणि बहुतेक खाडाखोड या मुलीची.

त्यांची गोष्ट साधी आहे. शेतीच्या पंपांना वीज बऱ्याचदा रात्री मिळते. मध्यरात्रीनंतर लाइट येते, कुणीतरी हाक मारतं, घरातला पोरगा बॅटरी घेऊन केळीच्या बागेत मोटर सुरू करायला जातो. पडदा आधी पूर्ण काळा. त्या काळोखात रातकिडे, लांबून कुत्रं, मग एका म्हाताऱ्या माणसाची हाक. पावलं. स्टार्टरचा खटका. पाइपात अडकलेली हवा खाकरत बाहेर पडते आणि हौदात पाण्याचा पहिला लोट कोसळतो. तिथे फिल्मचं नाव. जवळजवळ पाऊण मिनिट दिसत काहीच नाही. मला ही कल्पना फार आवडली. गटातल्या दोघांना वाटत होतं की प्रेक्षक मोबाइल बंद पडला समजून पुढचा व्हिडिओ लावेल. ती भीतीही खोटी नाही.

या भागातल्या विद्यापीठाचा अधिकृत इतिहास दोन ओळींत सांगता येतो. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापना, जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे, आणि २०१८ पासून नावात कवयित्री बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला आहे, हे मुलांना कौतुकानं सांगितलं जातं. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंची रचना जात्यावर, शेतात, काम करता करता व्हायची. मुलगा सोपानदेव आणि इतरांनी ती ऐकून उतरवून घेतली म्हणून राहिली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तकरूपात आली. म्हणजे तिथेही कुणीतरी कान देऊन बसलं होतं. फिल्म करणाऱ्या मुलांना हे कुणी या अंगानं सांगत नाही.

मराठी सिनेमाला हे कान फार लवकर आले होते. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, आणि बोलपट सुरू होऊन पुरती पाच-सहा वर्षं होतात न होतात तोच १९३७ साली व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी 'कुंकू' केला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. त्यात गाणी आहेत, पण प्रसंगांखाली वाद्यवृंद नाही. घरातले, वस्तूंचे, रस्त्यावरचे आवाज पार्श्वसंगीताचं काम करतात. जरठ नवऱ्याच्या घरातलं घड्याळ तर पात्रासारखंच वावरतं. आज हातात कुठलंही वाद्य क्षणात देणारं सॉफ्टवेअर असताना पोरांना रिकामी जागा सोडवत नाही आणि अख्खा वाद्यमेळ दाराशी असलेल्या प्रभातनं ती सोडली होती. त्याच प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि तिथल्याच उमेश कुलकर्णी या विद्यार्थ्यानं पुढे 'गिरणी' केली. आई पोटासाठी घरात पिठाची गिरणी आणते आणि तिची घरघर मुलाचं जगणं व्यापून टाकते. गोष्टच आवाजाची. विद्यार्थ्याच्या त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जळगावच्या या गटाला शिक्षकांनी ती दाखवली होती आणि दांडीवाल्या मुलीनं ती नंतर पडद्याकडे पाठ करून पुन्हा ऐकली होती.

तिचं काम म्हणजे मुळात अंतराचं भांडण. बोलणाऱ्यापासून माइक दुप्पट लांब गेला की आवाजाचा दाब निम्मा होतो. कॅमेऱ्यावरचा माइक आठ फुटांवर असतो, तिचा दोन फुटांवर. म्हणजे तिला तोच माणूस चौपट दाबानं मिळतो. पंख्याचा, कूलरचा, रस्त्याचा आवाज मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढाच. माणूस आणि गोंगाट यांच्यातली ही फट जेवढी रुंद, तेवढं पुढे संकलनात काम करता येतं. म्हणून ती दांडी चौकटीच्या कडेला अगदी टेकवते, आणि कॅमेरावाला दर दोन मिनिटांनी ओरडतो, "दांडी दिसते गं!" कॉलरला लावायचा छोटा माइकही त्यांच्याकडे आहे. तो सुती सदऱ्यावर खसखसतो, म्हणून ती त्याला बँडेजच्या पट्टीनं छातीवर चिकटवते. घाम आला की पट्टी सुटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या गावात घाम येणारच.

प्रत्येक जागेचं चित्रण संपल्यावर ती सगळ्यांना जागच्या जागी उभं करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करते. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. दोन संवादांच्या मधे कापलं की तो तुटतो आणि जोड कानाला टोचतो. ही मिनिटभराची पट्टी खाली अंथरली की जोड बुजतात. त्या मिनिटात कुणीतरी हमखास हसतं, ती हात वर करते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

जळगावात हे मिनिटही फुकट मिळत नाही. मुंबई–हावडा मार्ग इथून जातो, सुरतकडून येणारा फाटा इथेच मिळतो, भुसावळ जंक्शन हाकेच्या अंतरावर. गाड्यांची शिट्टी रात्री केळीच्या बागांवरून मैलोगणती येते. धुळ्यात रेल्वेचा त्रास कमी, कारण चाळीसगावहून आलेला फाटा तिथे संपतो. पण मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकचे हॉर्न अखंड. गटातला एक मुलगा धुळ्याचा आहे. त्याचं म्हणणं, गाडी निदान निघून जाते. अवघ्या खान्देशात वीज गेल्यावर मनापासून खूश होणारी माणसं मोजकीच असतील, त्यांत ही मुलगी धरावी लागेल: पंखे, कूलर, फ्रिज, पिठाची गिरणी सगळं एकदम गप्प, आणि रेकॉर्डर सेलवर चालतो.

आता कास्टिंग. काळोखातली ती पहिली हाक कोण मारणार, यावर या मुलांनी नायकापेक्षा जास्त डोकं लावलं. कॉलेजच्या एकांकिका गाजवणारा मुलगा आधी बोलावला. त्यानं अशी हाक मारली की शेवटच्या रांगेला ऐकू जावी, आणि रंगमंचावर तेच बरोबर असतं. माइक दोन फुटांवर असताना त्या हाकेत शेत उरत नव्हतं. शिवाय तो म्हणाला, "अरे, लाइट आली रे!" बाग रावेर-यावलकडची असती तर चाललं असतं, तिकडे लेवा बोली, तिचा ठेका वेगळा. पण गोष्ट अमळनेरच्या बाजूची, तिथे अहिराणी. तिथला म्हातारा म्हणणार, "लाइट उनी रे!" जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडची नि पश्चिमेकडची माणसं पहिल्या वाक्याला एकमेकांना ओळखतात. मग सिनेमात चुकीच्या तालुक्याचा बाप आणला तर कोण मानेल? तरीही घरी अहिराणी बोलणारी मुलं संवाद लिहायला बसली की पुण्याचं मराठी लिहितात, हे मी एकाहून जास्त वह्यांत पाहिलं.

शेवटी दांडीवाल्या मुलीच्या गल्लीतले एक जिभाऊ सापडले. आयुष्यभर रात्रीच्या पाळीला पाणी भरलेले. कॅमेरा समोर आला की लाकडासारखे ताठ होतात. पण पडदा तर काळाच आहे! तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या आणि मधेच म्हणाली, "जिभाऊ, पोऱ्याला उठवा ना." त्यांनी उठवलं. ती हाक मी हेडफोनवर ऐकली. झोपमोड, काळजी आणि थोडी चीड, सगळं त्यात होतं.

अनोळखी, अननुभवी माणसं पडद्यावर आणण्याची वाट मराठीत आता मळलेली आहे. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना केलेली 'पिस्तुल्या' सूरज पवार या मुलावर उभी राहिली, आणि तोच पुढे 'फँड्री'त दिसला. त्याहून जुनं उदाहरण खान्देशाच्या जवळचं आहे. मूळच्या शिरपूरकर घराण्यातल्या स्मिता पाटील सिनेमात पहिल्यांदा दिसल्या त्या अरुण खोपकर यांच्या 'तीव्र मध्यम' या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या पदविका फिल्ममध्ये. गटातल्या मुलांना स्मिता पाटील ठाऊक होत्या, विद्यार्थ्याच्या फिल्ममधून त्या आल्या हे ठाऊक नव्हतं. दिग्दर्शक ते ऐकून आपल्या नायिकेकडे आदरानं बघू लागला.

नायिका म्हणजे त्या पोऱ्याची बहीण, आणि अडचणींची रांग तिथूनच सुरू होते. प्रसंग रात्रीचा, शेतातला. मुलीच्या घरून परवानगी संध्याकाळी सातपर्यंत. दांडीवालीच्या घरूनही तीच. कॅमेरावाल्यानं तोडगा काढला: भर दिवसा चित्रित करू, उजेड कमी करू, निळसर रंग चढवू, रात्र दिसेल. सिनेमात हे नेहमीचं आहे. पण चित्राला रात्र नेसवता येते, आवाजाला नाही. दुपारी चारला बागेत साळुंक्या भांडत असतात, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो, रातकिडा एकही नसतो. म्हणून संवाद वेगळे, पावलं वेगळी, रात्र वेगळी, असं सगळं तुकड्या-तुकड्यांनी गोळा करून खालून शिवायचं ठरलं. रात्र तिनं आपल्या घराच्या धाब्यावरून रेकॉर्ड केली, आई जिन्यात बसलेली. उन्हाळ्यात रातकिडे बेताचेच, आणि गोष्ट घडते पावसाळ्यात. बेडूक कुठून आणायचे, हा प्रश्न वहीत लाल शाईनं तसाच आहे. इंटरनेटवर बेडूक मिळतात, पण ते कुठल्या देशातले याची तिला शंका येते. मला ती शंका बरोबर वाटते.

संगीतावरून तर गटाचे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, खान्देशाची गाणी आज देशभर वाजतात. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ साली कुठल्या कुठे पोचलं, 'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गाण्यावर अहिराणीचा गंध नसलेले लोक नाचले, मग आपण मागे का राहायचं? गाणं टाकू, व्ह्यूज येतील. अडचण अशी की ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रकाशनापासून साठ वर्षं असतो, आणि यूट्यूबची यंत्रणा काही सेकंदांतही गाणं ओळखते. वर्गात दाखवलेली फिल्म महोत्सवात पाठवायची म्हटली की परवानगीचा कागद लागतो, आणि तो मागायचा कुणाकडे हेच विद्यार्थ्यांना माहीत नसतं. फुकट मिळणारं तयार संगीत हा दुसरा मार्ग. त्यातला एक धीरगंभीर तुकडा मी यंदा वेगवेगळ्या फिल्म्सखाली इतक्यांदा ऐकला की शेतकऱ्याची आत्महत्या, हुंडा आणि मोबाइलचं व्यसन यांत आता मला फरक कळेनासा झाला आहे.

दांडीवालीला नावापर्यंत संगीतच नको होतं. नाव आल्यावर पाण्याच्या आवाजाखालून आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं, झोक्याच्या दोराच्या करकरीसकट, एवढंच. आखाजी तोंडावर होती, लिंबाला झोके बांधले गेले होते, सासरच्या लेकी माहेरी आल्या होत्या. तिनं आजीपुढे रेकॉर्डर धरला. आजी गाऊ लागली, आणि दुसऱ्या ओळीला थांबून म्हणाली, एकटीनं हे गाणं म्हणत नसतात, बाया बोलाव. बाया आल्या. एका झोक्यावर चौघी, बाजूला हसणाऱ्या सहाजणी, मधेच एकीचा फोन. त्यातून सलग, स्वच्छ असे तिला फार तर वीस सेकंद मिळाले, आणि त्यांतल्या शेवटच्या पाचांत लांबून रेल्वेची शिट्टी आहे. दिग्दर्शक म्हणतो, कापून टाक. ती म्हणते, राहू दे, अमळनेरलाही गाडी येतेच की. यावर निकाल झालेला नाही.

आराखडा जमा करायची तारीख पुढच्या सोमवारची आहे. बेडूक मिळालेले नाहीत. नायिकेच्या वडिलांनी रात्री साडेआठपर्यंत मुदत वाढवली आहे, पण सोबत भाऊ येणार, आणि त्या भावाला आता फिल्ममध्ये एक संवाद हवा आहे.